थारामागे हॉपकिन्स खोऱ्यात

बुधवार, क्राइस्टचर्च

थार मूळचा आपल्याकडचा. हिमालयात जिथे झाडं संपतात तिथल्या कडेकपारीत राहणारा रानबोकड. तुंगनाथला गेलेल्यांपैकी काहींनी तो पाहिलाही असेल. भारतात तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. इकडे न्यूझीलंडमध्ये मात्र त्याची गणती उपद्रवी जनावरांत होते. १९०४ साली ड्यूक ऑफ बेडफर्डने इंग्लंडातल्या आपल्या कळपातले थार भेट म्हणून पाठवले आणि ते माउंट कुकजवळ हर्मिटेजपाशी सोडले गेले. इथे ना हिमबिबट्या, ना लांडगा. थार वाढत गेले, आणि ज्या डोंगरगवताला आणि फुलझाडांना खुरांची सवयच नव्हती ती उजाड होऊ लागली. १९९३च्या सरकारी आराखड्यात दहा हजारांची कमाल मर्यादा ठरली, पण प्रत्यक्ष आकडा त्याच्या कितीतरी वर गेला. मग सरकारचं संवर्धन खातं हेलिकॉप्टरमधून थार मारतं, शिकारी मंडळी चिडतात, आणि २०२० मध्ये तर हे भांडण हायकोर्टापर्यंत गेलं. तुमच्याआमच्यासारख्यांना परवाना ऑनलाइन, फुकटात मिळतो. धनुष्याला बंदुकीसारखं लायसन्सही लागत नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुण्याला फोनवर ‘थारांच्या शिकारीला चाललोय’ म्हटलं की पलीकडून आधी काहीच ऐकू येत नाही आणि मग ‘जेवलीस का?’ येतं.

जूनच्या पहिल्या सोमवारी इथे राजाच्या वाढदिवसाची सुट्टी असते. तिला जोडून आम्ही दोघांनी रजा टाकली आणि आज रात्री जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून पाती मांडून बसलो.

कंपाउंड धनुष्य म्हटलं की मराठी माणसाला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे आठवतात. २०२३ साली बर्लिनमध्ये दोघंही जगज्जेते झाले. धनुष्याची जात तीच, चाकं आणि केबलीही तशाच. फरक बाणाच्या टोकाशी आहे. त्यांच्या बाणाचं टोक गुळगुळीत असतं, ते कागद भेदतं. बाण जनावराला धक्क्याने मारत नाही, जनावर रक्तस्रावाने मरतं. म्हणून शिकारीच्या बाणाला धारदार पाती लावतात. त्यालाच ब्रॉडहेड म्हणायचं. वजन ग्रेनमध्ये मोजतात. १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. एवढ्याशा लोखंडावर लोक रात्र-रात्र भांडतात. आमच्याकडेही तेच झालं.

नवऱ्याच्या हातात यांत्रिक ब्रॉडहेड होतं. उडताना त्याची पाती मिटलेली असतात आणि लागल्यावर उघडून दोन इंच रुंद जखम करतात.

“हे बघ, सरावाच्या टोकासारखंच उडतं. सराव केला तिथेच लागणार. वाऱ्यात आणखी काय पाहिजे?”

“तुझं सत्तर पौंडांचं धनुष्य आहे बाबा. तुला परवडतं.”

पौंड म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर. टोमणा वाटला तरी हिशेब खरा होता. त्याचा ४५० ग्रेनचा बाण सेकंदाला २७० फुटांनी सुटतो. ऊर्जा भरते ७३ फूट-पौंड. माझं धनुष्य पन्नास पौंडांचं, हात आखूड, बाण ४३० ग्रेनचा आणि वेग २१५ फूट. म्हणजे ४४ फूट-पौंड. यांत्रिक पाती उघडायलाच त्यातली काही ऊर्जा जाते आणि दोन इंच कातडं-स्नायू कापायला आणखी बरीच. माझ्या बाणाकडे एवढी उधळपट्टी करायला शिल्लकच नाही. माझ्यासाठी प्रश्न सोपा होता. स्थिर पातं हवं, टोकापासूनच कापत जाणारं, दोन धारांचं, रुंदी इंचाहून जेमतेम जास्त, वजन १२५ ग्रेन. बायका आणि हलकी धनुष्यं वापरणारे पुरुष यांना दुकानात सहसा ‘तुमच्यासाठी हलकं टोक घ्या, वेग वाढेल’ असं सांगतात. मला ते पटत नाही. वेग वाढला की निशाणा थोडा सोपा होतो हे खरं, पण हलका बाण आत शिरताना लवकर दमतो.

टेबलावर तिसरी जातही होती. तीन पात्यांचं स्थिर ब्रॉडहेड, १०० ग्रेन, पाती बदलता येणारी. नवऱ्याने ती ‘असू देत’ म्हणून घेतली होती. रात्री उशिरा मास्तरला फोन लावला. मास्तर म्हणजे आमच्या तिरंदाजी क्लबातला जुना शिकारी. मास्तर हे आमचं आपसातलं नाव. तो बरोबर येणार होता, पण धनुष्य न घेता, फक्त दुर्बीण आणि पाठपिशवी घेऊन. कुठलं पातं घेऊ या प्रश्नावर त्याने कंपनीचं नाव काही सांगितलं नाही.

“तुमचे बाण सरळ उडतात का?” त्याने विचारलं. “सरळ उडत नसतील तर कुठलंही घ्या, सारखीच वाईट आहेत.”

गुरुवार, क्राइस्टचर्च ते हॉपकिन्स

जेराल्डिनपर्यंत सपाट कँटरबरी, पुढे चढ-उतार. फेअर्लीला ‘पाय’ (सारण भरून भाजलेली पेस्ट्री) खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नसतं, तेव्हा ते केलं. बर्क्स पास ओलांडला की हिरवं संपून सगळं पिवळं-करडं होतं, मग टेकापो, पुकाकी, ट्वायझल. ओहाऊ तळ्याच्या कडेने खडीचा रस्ता हॉपकिन्स नदीच्या खोऱ्यात शिरतो. मॉन्युमेंट हटपाशी गाडी ठेवून पाठपिशव्या चढवल्या.

इथली नदी एका पात्रात वाहत नाही. गोट्यांच्या मैदानभर तिच्या वेण्या पसरलेल्या असतात आणि प्रत्येक वेणी वेगळी ओलांडावी लागते. पाणी हिमनदीचं. गुडघ्यापर्यंत भिजल्यावर दोन मिनिटांनी पाय आहेत की नाहीत हे खाली बघून ठरवायचं. मुख्य खोरं सोडून आम्ही एका बाजूच्या ओढ्याने वर गेलो. त्याचं नाव इथे देत नाही. मास्तरने ते आम्हाला विश्वासाने दाखवलं आहे आणि सुट्टीच्या दिवसांत खोऱ्यात बंदूकवाले पुष्कळ असतात. त्यांच्यासाठीच आम्ही तिघांनीही भगव्या रंगाचे जॅकेट घातले होते. थाराला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही.

बीच नावाच्या झाडांच्या जंगलाच्या वरच्या काठाला तंबू ठोकले. सव्वापाचला अंधार. वायव्येचा वारा झाडांच्या शेंड्यांतून सारखा घोंघावत होता. हा वारा इथला मालक. तो डोंगरमाथ्यावर पाऊस टाकतो, आमच्या बाजूला कोरडा होऊन धावत उतरतो आणि बाणाला ढकलतो.

शुक्रवार

उजाडलं आठच्या सुमाराला. मास्तरने आधी डोंगराकडे बघूच दिलं नाही. फोमचा ठोकळा त्याने स्वतः पाठीवर वाहून आणला होता. तो एका ओल्या उंचवट्याला टेकवून ठेवला आणि म्हणाला, “आता वारा आहे. आत्ताच बघू.”

पहिली तपासणी बाण न सोडताच. बाण दोन नखांवर आडवा ठेवून फुंकर मारायची आणि फिरवायचा. टोक एका जागी गरगरत राहिलं तर पातं सरळ बसलंय. टोकाशी वर्तुळ दिसलं तर नाही. नवऱ्याच्या तीन पात्यांच्या एका बाणाचं टोक असं डोलत होतं. पातं दुसऱ्या बाणाच्या नळीवर बसवलं तर डोलायचं थांबलं, म्हणजे दोष पात्यात नव्हता. नळी जिथे कापली होती तो काठ चौरस नव्हता. तो बाण सरावाच्या गड्डीत गेला.

मग सोडून बघणं. आधी सरावाचं टोक, मग त्याच जागी ब्रॉडहेड. सरावाच्या टोकाला पंख नसतात, त्यामुळे धनुष्यातून बाण थोडा वाकडा सुटला तरी मागची पिसं त्याला वळवून घेतात. ब्रॉडहेडची पाती म्हणजे पुढच्या बाजूचे पंखच. बाण वाकडा सुटला तर ती पिसांशी झगडतात आणि बाण भलतीकडे नेतात. नवऱ्याची स्थिर पाती तीस मीटरवर सरावाच्या टोकांच्या डावीकडे लागत होती, वीतभर. मास्तरने षटकोनी चावी काढली आणि बाण जिथे टेकतो ती रेस्ट उजवीकडे केसभर सरकवली. ‘केसभर’ शब्दशः. चावी फिरलेली मला दिसलीसुद्धा नाही. पुन्हा दोन बाण. पुन्हा केसभर. नवरा सोडत होता, मास्तर सरकवत होता, मी बाण आणून देत होते. शेवटी दोन्ही जातींचे बाण एकमेकांना घासून लागू लागले.

“मग यांत्रिकची काय गरज?” मास्तर म्हणाला. “ते सरावाच्या टोकासारखं उडतं म्हणून घेतोस ना? आता हेही तसंच उडतंय.”

मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो आणि पाकिटांवर तो कधी लिहिलेला नसतो. यांत्रिक पातं वाकडं सुटणारं धनुष्य झाकून टाकतं. निशाणा जागेवर लागतो, पण बाण तिरका लागतो, आणि तिरका लागलेला बाण आत जाताना आपली अर्धी ताकद स्वतःलाच वाकवण्यात घालवतो. एड ॲशबी या अमेरिकन शिकाऱ्याने मेलेल्या मोठ्या जनावरांवर वर्षानुवर्षं बाण सोडून बघितले. त्याच्या यादीत पहिला नंबर बाण आणि पातं न मोडण्याला आहे, दुसरा बाण सरळ उडण्याला. धार, रुंदी, वजन सगळं त्याच्या मागून. त्याची सगळीच मतं मला मान्य नाहीत. थारासाठी त्याच्यासारखा म्हशीला पुरेल एवढा जड बाण कशाला? पण हे पहिले दोन नंबर कुणी खोडून काढल्याचं मी ऐकलेलं नाही.

वाऱ्याचीही परीक्षा झाली. आडव्या वाऱ्यात स्थिर पात्यांपैकी माझं अरुंद दोन-पात्यांचं टोक कमी सरकलं, तीन पात्यांचं त्याहून जास्त. मिटलेलं यांत्रिक जवळजवळ सरावाच्या टोकाइतकंच. तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

दुपारी वर चढलो. स्नो टसॉकच्या कमरेएवढ्या गवताच्या झुपक्यांतून आणि मधून-मधून मॅटागाउरीच्या काट्यांतून वाट काढायची. स्पॅनियर्ड नावाचं एक झाड आहे, ते झाड नसून भाल्यांचा गठ्ठा आहे. भात्यावर टोपण असणं इथे चैन नव्हे. घसरून पडलात तर उघडं ब्रॉडहेड पहिल्यांदा तुम्हालाच सापडतं.

उत्तरेच्या उतारावर ऊन होतं. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे हिवाळ्यात थार उत्तराभिमुख कड्यांवर बसलेले सापडतात. दुर्बिणीत आधी दगड, मग दगडाला आयाळ. माजावर आलेला बोकड होता. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पिंगट आयाळ वाऱ्यावर भुरभुरत होती आणि तो माद्यांच्या मागे-मागे फिरत होता. ही आयाळ शिकाऱ्याला चकवते. छाती आहे त्याहून खोल दिसते आणि खांद्याचा खरा काठ कुठे आहे ते कळत नाही. शिवाय लांब केस रक्त शोषून घेतात, त्यामुळे जखम बारीक असेल तर जमिनीवर थेंबही पडत नाही.

थार धोका खालून येईल असं धरून चालतो, म्हणून आम्ही वळसा घालून वरून आलो. नवरा पुढे, मी मागे, मास्तर आणखी मागे. ३८ मीटर. अंतरमापकावर खालचा उतार तीस अंश, म्हणून निशाणा ३३ मीटरचा धरायचा. गुरुत्वाकर्षण बाणाला आडव्या अंतरापुरतंच खेचतं. नवऱ्याने दोरी ओढली. बोकड कड्याच्या अगदी ओठावर उभा होता. नवऱ्याने दोरी हळूच परत सोडली, बाण न सोडता.

नंतर तो म्हणाला, “लागलाच असता.” मास्तर म्हणाला, “लागला असता आणि दोनशे मीटर खाली गेला असता. तिथून तू काय आणणार, शिंगाचा तुकडा?”

डोंगरातल्या जनावराच्या बाबतीत पातं निवडताना हे गणित धरावंच लागतं. सपाट रानात हरीण शंभर मीटर पळून पडलं तर शोधून काढता येतं. इथे शंभर मीटर म्हणजे तीन कडे. जनावर जागीच, निदान दिसेल इतक्या अंतरात पडायला हवं. त्यासाठी बाण आरपार जायला हवा, कारण वरून मारलेला बाण पाठीजवळ शिरतो आणि ती जखम उंचावर असते. बाण आतच थांबला तर रक्त छातीत साठत राहतं, बाहेर काहीच येत नाही. आरपार गेला तर तो पलीकडे खालून बाहेर पडतो, आणि तिथून सगळं वाहून जातं. तिरक्या उतारावर, पाठीच्या गोल कडेवर, यांत्रिक पात्याचं एक पातं आधी टेकतं आणि बाण झटका खाऊन बाजूला वळू शकतो. रुंद जखमेपेक्षा मला दोन भोकं हवीत.

रात्री नवऱ्याने यांत्रिक पाती डबीत घालून टाकली. मी काही बोलले नाही.

शनिवार

वारा फिरून दक्षिणेकडून आला आणि पहाटेपासून बर्फ. तंबूतून बाहेर पडण्यात अर्थ नव्हता. मास्तरने चहाचं भांडं चढवलं आणि धार लावायला बसलो.

माझं पातं एकसंध पोलादाचं आहे, दोन्ही कडांना दगडावर घासता येतं. ठरलेला कोन धरून, न दाबता, खालून वर. मग चामड्यावर उलट दिशेने. धार आली की नाही हे अंगठ्याला विचारायचं नसतं. बोटांमध्ये रबरबँड हलकासा ताणून त्यावर पातं नुसतं टेकवायचं. टेकवताच तुटला तर धार आहे. दाबावं लागलं किंवा रबर सरकून गेलं तर पुन्हा दगड. शिरा अशाच असतात, रबरासारख्या. बोथट पातं त्यांना बाजूला ढकलून निघून जातं. पाकिटातून नवीन काढलेलं पातंही मी तपासून घेते. त्या दिवशी नव्यातलं एक रबरबँडच्या परीक्षेत नापास झालंच.

बदलत्या पात्यांचा फायदा असा की दगड लागत नाही. जुनी काढली, नवी लावली. तोटा मास्तरच्या डबीत होता. ती डबी तो सगळीकडे नेतो. त्यात मोडलेली ब्रॉडहेडं आहेत: ॲल्युमिनियमचा मधला दांडा वाकलेला, पातं खाचेतून निसटलेलं, एकाचं टोक खडकावर आपटून चेमटलेलं. आपला बाण चुकला तर सपाट रानात तो मातीत जातो, इथे तो दगडावर जातो. आणि लागला तरी वाटेत खांद्याचं हाड असू शकतं. त्याच्या मते डोंगरात पोलादी दांडाच घ्यावा. टायटॅनियमही चालेल, पण खिसा बघून.

एका बाजूनेच धार लावलेली पाती हल्ली फार चालतात. ती हाडात शिरताना फिरतात आणि हाड फोडतात असं म्हणतात. त्यातलं तत्त्व खरं आहे, फक्त पिसांचा पीळ आणि धारेची बाजू एकाच दिशेची हवी, नाहीतर बाण हवेत एकीकडे आणि मांसात दुसरीकडे फिरायला बघतो. माझी पिसं सरळ बसवलेली आहेत, म्हणून मी त्या भानगडीत पडले नाही.

दुपारी बर्फ थांबलं आणि एक किया आला. हिरवा, मोठा, निर्लज्ज पोपट. तो तंबूच्या दोऱ्यांकडून थेट धनुष्याच्या दोरीकडे वळला. धनुष्यं तंबूत घेतली आणि बाकीचा दिवस तो बाहेर आणि आम्ही आत. ओलसर हवेत पोलादावर रातोरात गंज चढतो म्हणून झोपण्यापूर्वी पात्यांना व्हॅसलीनचं बोट फिरवलं.

रविवार

निरभ्र आकाश, कडक थंडी. सकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहते. ऊन चढलं की तीच वर वाहू लागते. त्यामुळे वरून उतरायचं ते ऊन चढल्यावर, म्हणजे आपला वास मागे डोंगराकडे जातो. आम्ही दहापर्यंत एका खडकामागे बसून राहिलो. हातमोज्यांत बोटं दुखत होती.

खालच्या धारेवर माद्यांचा एक घोळका होता. बोकडासाठी सगळे येतात, भिंतीवर शिंगं लावायची असतात. पण थारांची संख्या खरोखर आटोक्यात ठेवायची तर माद्या कमी व्हायला हव्यात, हे संवर्धन खातंही सांगतं आणि शिकारी संघटनाही. मांसही माजातल्या बोकडापेक्षा मादीचंच खाण्यासारखं. माझा विचार आधीच ठरलेला होता.

शेवटचे साठ मीटर बसून, टाचा रोवत. मध्ये एक दगड सुटला, खडखडत गेला. एका मादीने मान वर केली, खालच्या दिशेने बघितलं आणि पुन्हा चरू लागली. ३१ मीटर, उतार अठ्ठावीस अंश, धरायचे २७. ती कड्यापासून आत, गवताच्या रुंद पट्ट्यावर आडवी उभी होती. तिच्या खाली घसरण नव्हती, पुन्हा गवतच होतं. हे सगळं मी दोरी ओढण्याआधी बघून घेतलं, कारण दोरी ओढल्यावर माणूस फक्त जनावर बघतो.

खाली मारताना हात खाली करायचा नसतो, कमरेतून वाकायचं असतं. नाहीतर डोळा आणि दोरीचं नातं बदलतं. निशाणा बाण कुठे शिरेल त्यावर नाही, कुठून बाहेर पडेल त्यावर धरायचा. पलीकडच्या पुढच्या पायामागची खालची जागा मनात धरली आणि तिथून रेषा मागे आणली, ती अलीकडच्या बरगडीवर, मधोमधच्या थोडी वर. वारा जवळजवळ नव्हताच.

आवाज आला तो भिजलेल्या कापडावर चापट मारल्यासारखा. मादी दचकून पुढे उडाली, चाळीसएक पावलं गेली, थांबली, पाय फाकवून उभी राहिली आणि बसली. बाकीच्या काही क्षण तिच्याकडेच बघत राहिल्या. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं. ती बसल्या जागी आडवी झाली. मास्तरने घड्याळ दाखवून खुणेने सांगितलं, अर्धा तास हलायचं नाही. संपलंय असं दिसत असतानाही तो हा अर्धा तास कापत नाही.

बाण आधी शोधला. तो तिच्या उभ्या जागेच्या पलीकडे गवताच्या मुळात रुतला होता, पिसांपासून टोकापर्यंत लाल, रक्तात बारीक गुलाबी बुडबुडे. म्हणजे दोन्ही फुप्फुसं. तिथून तिच्यापर्यंत झुपक्यांच्या खालच्या अंगाला रक्ताची सलग रेघ होती. वरचं भोक केसांत झाकलेलं, जेमतेम ओलं. सगळं रक्त खालच्या भोकातून आलं होतं.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. अंगाला ऊब होती, केसांना गवताचा आणि शेळीचा वास. आनंद झाला का? झाला. आणि पोटात गोळाही आला. दोन्ही एकदम होतं, याची मला आता सवय आहे.

कातडं सोलणं, मांस हाडांपासून सोडवणं यात दुपार गेली. चार वाजता डोंगराची सावली अंगावर आली आणि हात आखडू लागले. मांस तीन पाठपिशव्यांत वाटून घेतलं. उतरताना गुडघे बोलत होते. तंबूपाशी पोचलो तेव्हा हेडलाइट लावावे लागले. मास्तरने लगेच काळीज तव्यावर टाकलं, मीठ आणि लोणी एवढंच. नवऱ्याने पाठपिशवीच्या तळातून कांदा-लसूण मसाल्याची पुडी काढली. मास्तरने ती चाखून बघितली, खोकला, आणि आणखी मागितली.

सोमवार

परत. नदी थोडी चढली होती, ओलांडताना तिघांनी एकमेकांचे पट्टे धरले. मॉन्युमेंट हटपाशी बंदूकवाल्यांची एक टोळी भेटली. धनुष्यं बघून त्यांनी भुवया उंचावल्या आणि किती मीटरवरून मारला ते विचारलं. ‘एकतीस’ म्हटल्यावर त्यातला एक हसून म्हणाला, आमच्या दुर्बिणी एवढ्या जवळचं बघतच नाहीत. सांगायचं तर त्यांचा हात रिकामाच होता.

घरी आल्यावर त्या बाणाचं पातं धुऊन दिव्याखाली धरलं. एका धारेवर बरगडीला लागून नखाएवढा खवला उडाला होता. दुसरी धार रबरबँड अजून टेकवताच तोडत होती. टोक सरळ, बाण नखांवर फिरवला तर डोलत नव्हता. दगडावर पाच मिनिटांचं काम. पुन्हा भात्यात जाईल.

मांसाला कुकरमध्ये आठ शिट्ट्या द्याव्या लागल्या. थार म्हातारा नसला तरी डोंगर चढणारं जनावर आहे, मांडीचा स्नायू चिवट. वाटण खोबरं-तिळाचं केलं. पुण्याला फोटो पाठवला, फक्त रश्श्याचा.

नवऱ्याला आता माझ्यासारखी दोन पात्यांची टोकं हवी आहेत, तीही १२५ ग्रेनची. मी म्हटलं, तुझ्या बाणाच्या नळ्या १०० ग्रेनसाठी निवडलेल्या आहेत. पुढे २५ ग्रेन वाढवलं की सुटताना नळी जास्त वाकेल, आणि मास्तरने केसभर-केसभर करून जमवलेलं सगळं पुन्हा डावी-उजवीकडे जाईल. एक तर नळ्या ताठ घ्याव्या लागतील, नाहीतर आहेत त्या आखूड कापाव्या लागतील. आखूड करायला त्याच्या रेस्टपुढे जागा उरत नाही. तो अजून मोजपट्टी घेऊन बसला आहे.